जुनी महिंद्रा जीप उभी करणं आणि तिला विंच बसवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरची जीप १९७३ सालची, पेट्रोल, सीजे-३बी. गगनबावड्याच्या पावसात आणि नंतर गोठ्यामागच्या शेडमध्ये तिची बरीच वर्षं गेली. ती पुन्हा रस्त्यावर आणायला मला चार वर्षं लागली. तिच्या नाकावर विंचही बसवला, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र. आता पेट्रोल पंपावर, लग्नात, अगदी दहाव्याला गेलो तरी कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "जीपचं काम कसं केलंस?" तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी मेकॅनिक नाही, पण मेकॅनिकच्या शेजारी बसून चहा भरपूर प्यालोय.

सीजे-३बी म्हणजे नेमकी कोणती? ५४०, थार यांच्यात ती कुठे बसते?

सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप. दुसऱ्या महायुद्धात विलिस या अमेरिकन कंपनीने लष्करासाठी जी जीप केली, तिची ही साध्या माणसांसाठीची भावंडं. १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाने कंपनी सुरू झाली. त्यातले मोहम्मद म्हणजे गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. विलिसचे सुटे भाग मागवून माझगावला जीप जोडायच्या, अशी सुरुवात होती.

३बी ओळखायची तर बॉनेट बघा. ते उंच आणि खोक्यासारखं असतं. आतल्या 'हरिकेन' इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटलाही वर सरकावं लागलं. अमेरिकेत ती १९५३ ते १९६८ निघाली, आपल्याकडे त्यानंतरही बनत राहिली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ८० इंच. एमएम ५४० ही नंतरची, व्हीलबेस ९१ इंच आणि प्युजोच्या परवान्याखाली बनलेलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. थार तर २०१० ची, म्हणजे नातवंडं.

खाली लिहिलेलं बरंचसं ५४० लाही लागू पडतं. लष्करातल्या जोंगा गाडीला सगळंच लागू होणार नाही. ती निसानच्या घरातली, तिचं इंजिन जवळपास चार लिटरचं आहे आणि वजनाचं सगळं गणितच वेगळं.

विकत घेताना काय बघायचं?

खिशात लोहचुंबक घेऊन जा. फ्रिजवर लावतात तो चालतो, फक्त कापडात गुंडाळा. तो पत्र्यावरून फिरवायचा. जिथे चिकटत नाही, तिथे पत्रा नाही, लांबी आहे, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी. आमच्या जीपच्या डाव्या मडगार्डावर चुंबक एके ठिकाणी चिकटेना. पॉलिश पेपर मारत गेलो. वर निळा रंग, त्याखाली पिवळा, त्याखाली कुठल्याशा निवडणुकीतला भगवा, मग हिरवा, मग रेड ऑक्साइड, आणि शेवटी बोटभर जाडीची लांबी. लांबी खरवडली तर आतून गोणपाटाचा तुकडा निघाला. कोणीतरी भोकात गोणपाट कोंबून वरून लांबी थापली होती, आणि ती तीसेक वर्षं टिकली. कौतुक करावं की डोकं धरावं, तेच कळेना.

पण पत्रा नवा करता येतो. खरी गोष्ट चॅसिसची, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याची. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे चॅसिसला जोडलेत, तिथे खालून टॉर्च मारा. पुढच्या आणि मागच्या आडव्या पट्ट्या बघा. लहान हातोडीने चॅसिसवर टिचक्या मारत जा. चांगलं लोखंड खणखणतं, गंजून आतून पोकळ झालेलं भद्द वाजतं. समुद्राकाठची जीप असेल तर चॅसिसच्या आतल्या बाजूला बोट घालून बघा, पापुद्रे हातात येतात. विंच लावायचा असेल तर ही तपासणी दुप्पट काळजीने करा, कारण विंच गाडीला बंपरने ओढत नाही, चॅसिसने ओढतो. गाडीत कुठे कमजोरी आहे, ते तो पहिल्याच फेरीत दाखवून देतो.

चॅसिस नंबरावर पेन्सिल घासून ठसा घ्या आणि तिथेच उभं राहून आरसी बुकाशी ताडून बघा. 'एक आकडा पुसट झालाय, बाकी ठीक' असं विकणारा म्हणाला, तर चहा पिऊन घरी या.

कागदपत्रं संपलेली आहेत. मिळतील का?

खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, मग तपासणी करून दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून घ्यायची. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. मालक जिवंत असेल, गाडी त्याच्या नावावर असेल आणि नंबर जुळत असतील, तर हे काम कटकटीचं आहे पण होतं. मालक वारला असेल तर वारसांच्या सह्या जमवणं हे इंजिन बांधण्यापेक्षा अवघड काम आहे. आमच्या एका आत्याची सही मिळवायला मला सहा महिने आणि दोन लग्नं लागली.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आणले. नव्याने नोंदलेल्या गाडीला 'व्हीए' असलेला नंबर मिळतो, आधीपासून नोंद असलेली गाडी तिचा मूळ नंबर ठेवू शकते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. ऐकायला छान वाटतं, पण दोन अटी नीट वाचा. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, तेल भरणं एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. आणि चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा.

म्हणजे पहिला पाना हातात घ्यायच्या आधी ठरवायला लागतं की ही जीप मिरवायला हवी की राबवायला. आमची पन्नाशी ओलांडलेली आहे, तरी मी व्हिंटेजला गेलो नाही. मला तिने शेतावर यायला हवं होतं.

विंच आणि बाकीचे बदल कायद्यात बसतात का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करून गाडीची नोंदणी होणार नाही. इंजिन बदललं तर परवानगी घेऊन आरसीवर नोंद हवीच. शिवाय गाडीपुढे लावायच्या लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करायला केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्ये राज्यांना कळवलंय. त्यामुळे विंचच्या निमित्ताने पुढे शिंगं आलेला भलामोठा बंपर लावू नका. पादचाऱ्याला लागला तर त्याचं काय होईल, याचाही विचार करा. चॅसिसच्या दोन दांड्यांच्या मध्ये, बाहेर न डोकावणारा विंच बसवता येतो. बसवण्याआधी तुमच्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न सांगितलेला बदल दावा नाकारायला निमित्त ठरू शकतो.

काम कुठून सुरू करायचं?

ब्रेकपासून. हे मी शहाणपणाने सांगत नाही, तोंडावर पडून शिकलोय.

मी सगळ्यात आधी विंच घेतला. खोक्यातून काढला, लावला, फोटो काढले. इंजिन चालू झालं होतं, रंग बरा होता, म्हणून एका रविवारी मामांना घेऊन करूळ घाट उतरायला निघालो. तिसऱ्या की चौथ्या वळणावर पेडल पायाखालून सरळ फळीला जाऊन टेकलं. जुन्या जीपला एकच मास्टर सिलिंडर आणि ब्रेकची एकच लाईन. एका चाकातल्या सिलिंडरचं रबर फाटलं की तेल तिथून जातं आणि चारही चाकांचा ब्रेक एकदम संपतो. सेकंडमधून कसाबसा फर्स्ट पडला, हँडब्रेक नावापुरता होता, शेवटी डोंगराकडच्या गटारात डावी चाकं घालून गाडी थांबवली. मामांनी काही न बोलता विडी पेटवली. पुढे, रस्त्याच्या कडेला, चकचकीत नवा विंच.

आमच्या मिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, "आधी थांबाय शिकवा तिला. वढायचं मग बघू."

तेव्हा क्रम असा ठेवा. चारही चाकांचे सिलिंडर नवे, रबरी होज नव्या, गंजलेले ब्रेक पाइप नवे, लायनर नवे. ड्रम लेथवर तपासून घ्या, कारण जुने ड्रम अंडाकृती झालेले असतात. जुन्या विलिसच्या ९ इंची ड्रमवर राहण्यापेक्षा पुढच्या काळातल्या जीपचे ११ इंची ड्रम बसवले तर पाय लगेच फरक सांगतो. आणि दोन वेगळ्या लाईनचा मास्टर सिलिंडर बसवा, म्हणजे एक लाईन गेली तरी दुसऱ्या जोडीची चाकं धरतात. या एका बदलासाठी मी मूळपणाचा हट्ट सोडला. शोमध्ये गुण कापले गेले तर कापले जाऊ देत.

मूळ पेट्रोल इंजिन ठेवू की डिझेल टाकू?

इंजिन ब्लॉक फुटलेला नसेल तर ठेवा. हरिकेन २.२ लिटरचं आहे, ताकद सत्तर-पंचाहत्तर हॉर्सपॉवर, पण खालच्या आरपीएमला ओढ चांगली. शिवाय गिअरचं गणित बघा : फर्स्ट गिअर, लो रेंज (फोर बाय फोरचा संथ, जोराचा गिअर) आणि अॅक्सलमधलं ५.३८ चं क्राऊन-पिनियन मिळून इंजिनाचे साधारण ३७ फेरे होतात तेव्हा चाक एकदा फिरतं. एवढ्या खालच्या गिअरला जीप मुंगीच्या पावलाने दगड चढते आणि क्लच सोडून बसलं तरी बंद पडत नाही. हायवेवर मात्र साठाच्या पुढे ती ओरडायला लागते. त्याचा दोष इंजिनाला देऊ नका, ती त्यासाठी बनलेलीच नाही.

डिझेल टाकणारे पुष्कळ आहेत. खर्च परवडतो, पण वजन वाढतं, माउंटिंग बदलतात, थरथर चॅसिसला जाते, आणि आरटीओची पायरी चढावी लागते.

आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलवर जुनं इंजिन चालेल?

चालतं, पण आधी रबर बदला. पेट्रोलची नळी, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे गॅस्केट, हे सगळं इथेनॉल सोसणाऱ्या मालाचं हवं, जुनं रबर फुगतं आणि चिकट होतं. इथेनॉल पाणीही ओढतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिली तर तळाला पाणी साचतं. टाकीतला जुना गंज सुटून जेटमध्ये अडकतो, म्हणून टाकी उतरवून आतून साफ करा आणि कार्बोरेटरच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा. पहिल्या महिन्यात तो फिल्टर मी तीनदा बदलला.

पुढच्या चाकांच्या गोळ्यांतून (अॅक्सलच्या टोकाला, जिथे चाक वळतं तिथले लोखंडी गोळे) तेल गळतं.

सगळ्यांच्याच गळतं. सील बदलताना त्या गोळ्यावरचे गंजाचे खड्डे घासून गुळगुळीत करा, नाहीतर नवं सील महिन्यात फाटतं. आत पातळ तेलाऐवजी अर्धपातळ ग्रीस भरलं की बऱ्यापैकी थांबतं.

फोर बाय फोर डांबरी रस्त्यावर लावून ठेवलं तर?

ठेवू नका. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं आणि या जीपमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये हा फरक सामावून घेणारं डिफरन्शियल नाही. चिखलात चाक घसरून तो ताण सोडवतं, कोरड्या डांबरावर तो क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यांमध्ये) आणि गिअरमध्ये साठत जातो. मग लिव्हर निघता निघत नाही.

फ्रंट हबला लॉक लावायचे का?

लावा. लॉक सोडला की चाक पुढच्या शाफ्टपासून सुटतं, म्हणजे रस्त्यावर पुढचा शाफ्ट, क्रॉस आणि क्राऊन उगाच फिरत नाहीत. गंमत म्हणजे विंचच्या जगातलं मोठं नाव असलेल्या वॉर्न कंपनीची सुरुवात १९४८ मध्ये याच हबांपासून झाली. आर्थर वॉर्न यांनी सिएटलजवळ युद्धातल्या उरलेल्या जीपांसाठी ते बनवले. विंच नंतर आला. त्यांचा ८२७४ हा प्रसिद्ध विंच १९७४ चा, नावातच ८,००० पौंड आणि ७४ साल आहे.

स्टेअरिंग अर्धा फेरा फिरवलं तरी चाक हलत नाही.

सगळे बॉक्सला दोष देतात आणि बॉक्स खोलतात. आधी खाली झोपा, दुसऱ्याला स्टेअरिंग डाव्या-उजव्या बाजूला हलवायला सांगा. पुढच्या अॅक्सलवर मधोमध असलेल्या बेलक्रँकचा (स्टेअरिंगची हालचाल चाकांकडे वळवणाऱ्या तुकड्याचा) बुश बहुतेक वेळा खाल्लेला असतो. मग टाय रॉडचे एंड, मग किंग पिनची बेअरिंगं, मग पाट्यांचे शॅकल बुश. बॉक्स सगळ्यात शेवटी.

सुटे भाग कुठे मिळतात?

या जीपचं मोठं सुख हेच की काहीच कायमचं अडत नाही. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार. आम्हाला कोल्हापुरात उद्यमनगर आहे. मिळत नाही ते तिथे बनवून मिळतं. बेलक्रँकचा बुश मी नमुना देऊन लेथवर करून घेतला. लेथवाल्याने जुना बुश बोटात फिरवून बघितला, "हे घोड्याच्या नालाचं लोखंड हाय का?" म्हणाला आणि पितळेचा करून दिला. नवे भाग घेताना मात्र 'ओरिजिनल' या शब्दावर विसंबू नका, शक्यतो जुना भाग हातात नेऊन मापाला माप लावा.

विंच किती पौंडाचा घ्यायचा?

ठोकताळा असा की भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट. आमची जीप माणसं, हत्यारं, पेट्रोल आणि विंच धरून साधारण १,५०० किलो. दीडपट म्हणजे २,२५० किलो, सुमारे ५,००० पौंड. चिखल चाकाच्या निम्म्याच्या वर गेला की जवळजवळ गाडीच्या वजनाएवढी ओढ लागते, मडगार्डपर्यंत गेला तर दुप्पट. म्हणून ६,००० ते ८,००० पौंड पुरे.

दुकानदार १२,००० पौंडाचा गळ्यात मारायला बघतो. तो मोठ्या एसयूव्हीसाठी ठीक. छोट्या जीपच्या नाकावर तेवढं जड लोखंड टांगलं की पुढचे पाटे बसतात, स्टेअरिंग जड होतं आणि खड्ड्यात नाक आपटतं.

खोक्यावर लिहिलेली ताकद ड्रमवर दोराचा पहिलाच थर असतानाची असते. वर जितके थर, तितकी ओढ कमी. त्यामुळे झाड दहा फुटांवर असलं तरी लांबचं झाड निवडणं कित्येकदा फायद्याचं. आणि एक पुली जवळ ठेवा. दोर पुलीतून फिरवून परत गाडीला लावला की वेग निम्मा होतो आणि ओढ जवळजवळ दुप्पट. पण पुली ज्या झाडाला बांधली त्या पट्ट्यावरही दुप्पट ताण येतो, हे विसरू नका.

इलेक्ट्रिक विंच की जुना पीटीओ?

जुन्या जीपच्या ट्रान्स्फर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याला) मागे एक झाकण असतं, तिथून इंजिनाची ताकद काढून पुढचा विंच फिरवता येतो. हाच पीटीओ. इंजिन चालू आहे तोवर तो दिवसभर ओढतो, बॅटरीला हात लावत नाही. ऐतिहासिक जीपला शोभतोही तोच. अडचण एवढीच की धड अवस्थेत मिळणं नशिबाची गोष्ट, आणि ओढ्यात इंजिन बंद पडलं की विंचही मेला. मला मिळाला नाही. मिळाला असता तर हा लेख वेगळा झाला असता.

हातानेही भागतं. शेतावर टिरफॉर (हाताने दांडा मारून दोर ओढायचं यंत्र) असेल तर जीपमध्ये टाकून ठेवा. घाम निघतो, पण वायरिंग जळत नाही.

जुनी बॅटरी आणि डायनमो विंचला पुरतील का?

नाही, आणि इथेच बहुतेकांचा विंच पहिल्या पावसात झोपतो. गाडी ६ व्होल्टची असेल तर आधी सगळी १२ वर आणा. पूर्ण भाराला मोठा विंच ४०० अँपिअरच्या आसपास खेचतो. समजा सरासरी ३०० अँपिअर दोन मिनिटं खेचले, तर बॅटरीतले १० अँपिअर-तास गेले. ६५ अँपिअरच्या अल्टरनेटरमधून बाकीचं वजा जाता ५० अँपिअर मिळाले, तरी तेवढं परत भरायला १२ मिनिटं. जुना डायनमो तर इंजिन मंद चालू असताना जवळजवळ काहीच देत नाही.

म्हणून अल्टरनेटर, चांगली जड बॅटरी, आणि विंचच्या ठिकाणी हाताने बंद करता येणारा मुख्य स्विच. विंचसोबत आलेली केबल कापून लांब करू नका. निगेटिव्ह सरळ बॅटरीला न्या, जुन्या गंजलेल्या चॅसिसच्या भरवशावर ठेवू नका. केबल एक्झॉस्टपासून लांब आणि जाड नळीतून न्या. आमच्या वायरमनने ती सुरुवातीला सायलेन्सरला चिकटवून नेली होती. धुराच्या वासावरून कळलं.

विंच बसवताना काय चुकतं?

बोल्ट. विंचला जो ताण येतो तो शेवटी चार बोल्टांवर येतो. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ छापलेलं बघून घ्या, भंगाराच्या डब्यातला चमकणारा बोल्ट नको. मी पहिल्यांदा नुसता बंपरवर पाटा वेल्ड करून घेतला होता. पहिल्याच जोराच्या ओढीत पाटा केळीच्या सालीसारखा वळला. नंतर आठ मिलिमीटरची प्लेट चॅसिसच्या दोन्ही दांड्यांच्या आत मागपर्यंत नेऊन बोल्ट केली. जुन्या चॅसिसवर आडवं लांब वेल्डिंग टाळा, तिथेच तडा जातो.

रेडिएटरसमोर विंच आडवा येतो, तेव्हा हवा किती अडते तेही बघा. एप्रिलमध्ये घाट चढताना काटा सांगेल.

लोखंडी दोर की सिंथेटिक?

लोखंडी दोर दगडावर घासला तरी टिकतो, स्वस्त आहे, उन्हाला घाबरत नाही. पण तुटला तर चाबकासारखा येतो, आणि तुटलेले तार हातमोज्यांतूनही टोचतात. सिंथेटिक हलका, हाताळायला सोपा, तुटला तरी त्यात तेवढा साठलेला जोर नसतो. त्याचे शत्रू म्हणजे धारदार दगड, चिखलातली रेती आणि उष्णता. काही विंचचा ब्रेक ड्रमच्या आतच असतो आणि गाडी उतारावर सोडताना तो तापतो, त्याने आतला थर वितळतो. सिंथेटिक घेतला तर पुढचा रोलरही बदला, गुळगुळीत अॅल्युमिनियमचा लावा. जुन्या रोलरवर लोखंडी दोराने पाडलेल्या खाचा नवा दोर कापतात.

मी सिंथेटिक घेतला. आमच्याकडे जांभ्याचा कातळ आहे, म्हणून जुन्या फायर होजचा तुकडा घासणाऱ्या जागी घालतो.

प्रत्यक्ष कसा वापरायचा?

गेल्या जुलैतली गोष्ट. चिखलणी चालू होती, रोपं पोचवून परत येताना बांध खचला आणि जीपची उजवी बाजू खाचरात बसली. मागचं चाक अर्धं बुडालेलं. पहिलं काम : इंजिन मंद ठेवून उतरणं आणि बघणं. गॅस दिला असता तर चाकाने स्वतःची कबर खणली असती. फावड्याने पुढच्या चाकांसमोरचा चिखल काढला, कारण विंचने तो ढीगही ओढायचा असतो.

तीसेक फुटांवर ऐनाचं झाड होतं. रुंद पट्टा बुंध्याला अगदी खाली गुंडाळला. विंचची क्लच लिव्हर मोकळी करून दोर हाताने ओढत नेला, हातमोजे घालून. ड्रमवर दोराचे आठ-दहा वेढे राहू दिले, कारण ड्रमला अडकवलेलं टोक भार पेलत नाही, वेढ्यांची पकड पेलते. दोरावर ओली गोणपाटं टाकली. भावाच्या पोराला वीस पावलं लांब उभं केलं, तो जवळ येत होता, दोनदा ओरडलो.

दोर ताणला तेव्हा त्यातून पाणी पिळल्यासारखं निघालं. इंचभर ओढ, थांब, बघ. चिखलाने आधी धरून ठेवलं, मग 'पच्' असा आवाज आला आणि चाक सुटलं. लो फर्स्टमध्ये चाकंही हळू फिरवत होतो, म्हणजे विंचवर सगळा भार नको. मिनिटभर ओढ, मग विसावा. मोटर हाताला चटका देत असेल तर बिडी ओढायची वेळ झाली समजा. सगळं मिळून पाऊण तास लागला. गावातला ट्रॅक्टर दहा मिनिटांत आला असता, हे माझ्या बायकोने त्याच संध्याकाळी लक्षात आणून दिलं.

कुठल्याही झाडाला बांधलं तर चालेल?

माडाला बांधू नका, मुळं वरवर असतात. बांधावरच्या एकट्या, कललेल्या झाडालाही नको. जिवंत, जाड, खोल मुळांचं झाड बघा आणि उघडा दोर कधीच खोडाला गुंडाळू नका, साल सोलते आणि झाड वाळतं. झाड नसेल तर जुनी स्टेपनी खड्ड्यात आडवी पुरून तिला दोर बांधतात. कष्टाचं काम, पण चालतं. विजेचा खांब हा पर्याय नाही.

चिखलात खेळायला कुठे जायचं?

स्वतःच्या किंवा ओळखीच्याच्या शेतात, विचारून. अभयारण्यात आणि राखीव जंगलात गाडी घालणं गुन्हा आहे, आणि सड्यावर (कातळाच्या पठारावर) चाकं फिरवली तर पावसाळी फुलांचा थर कित्येक वर्षं परत येत नाही. खरी परीक्षा बघायची असेल तर गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं, तिथे विंचचं काम कसं चालतं ते नुसतं उभं राहून बघितलं तरी पुष्कळ शिकायला मिळतं.

रंग कुठला द्यायचा?

तुमचा तुम्ही द्या. फक्त लष्करी हिरवा नको. खाजगी गाडीला तो रंग चालत नाही आणि प्रत्येक नाक्यावर थांबवून विचारतात.

खर्च किती?

हिशेबाची वही मी दुसऱ्या वर्षी लिहिणं बंद केलं. तोपर्यंत जीप भंगारात जेवढ्याला गेली असती त्याच्या सातपट झाले होते, आणि त्यात विंच धरलेला नाही.

घरच्यांना कसं पटवायचं?

मला नाही जमलं. आईला अजून वाटतं की ती जीप मी बाबांसाठी दुरुस्त केली. मी तसंच वाटू दिलंय.